बारावीच्या कॅल्क्युलससाठी जिओजेब्रा: कुठे कामाचं, कुठे फसवं

जिओजेब्रा हे आलेख आणि आकृत्या काढणारं गणिताचं ॲप फुकट आहे, साध्या फोनवर चालतं आणि ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी अडत नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात हे सॉफ्टवेअर सुरू केलं, ते आकृती आणि तिचं समीकरण शेजारी-शेजारी दिसावं म्हणून. आज त्याचा सगळ्यात चांगला उपयोग अकरावी-बारावीच्या कॅल्क्युलसला होतो. पण सरसकट नाही. डेरिव्हेटिव्ह आणि डेफिनिट इंटिग्रल म्हणजे काय हे दाखवायला याच्या तोडीचं फुकट साधन सापडणं कठीण. सातत्य (कंटिन्युइटी, म्हणजे आलेख न तुटणं) शिकवताना मात्र ते चक्क दिशाभूल करतं. आणि गृहपाठ सोडवून घ्यायला कुणी वापरत असेल, तर बोर्डाच्या पेपरात गुण पायऱ्यांना असतात. जिओजेब्राच्या कमांड देतात ते फक्त शेवटचं उत्तर.

स्पर्शिकेपासून सुरुवात करू. बहुतेक जण 'टॅन्जंट' ही तयार कमांड देतात, रेघ उमटते आणि विषय संपतो. यात शिकण्यासारखं काहीच उरत नाही. त्याऐवजी एफ(एक्स) म्हणून एक्सचा वर्ग टाका. एच नावाचा स्लायडर, म्हणजे बोटाने सरकवून किंमत बदलायची पट्टी, घ्या. एक बिंदू (१, एफ(१)), दुसरा (१+एच, एफ(१+एच)). दोघांतून रेघ काढा आणि 'स्लोप' कमांडने तिचा चढ मागवा. स्लायडर आपोआप −५ ते ५ असा येतो, तो या कामाला फार ढोबळ आहे. −२ ते २ करा, पायरी ०.०१ ठेवा. आता एच ०.१ असताना चढ २.१, ०.०१ असताना २.०१, आणि −०.१ असताना १.९ दिसतो. बरोबर शून्यावर आणलं की रेघ गायब आणि चढाच्या जागी प्रश्नचिन्ह. वर्गात थांबायचं ते इथेच. दोन बिंदू एक झाले, रेघ ठरवायला दुसरा बिंदूच नाही, शून्याला शून्याने भागायची वेळ आली. म्हणून लिमिट लागतं. 'टॅन्जंट' कमांड यानंतर द्यावी, पडताळा म्हणून. मग एफच्या जागी एक्सचं निरपेक्ष मूल्य घ्या, पहिला बिंदू शून्यावर आणा आणि स्लायडर डावीकडून उजवीकडे सरकवा: चढ −१ वरून थेट +१ वर उडी मारतो. शून्यावर डेरिव्हेटिव्ह का नाही, हे आणखी कसं सांगणार?

एच फार लहान करण्याचा मोह मात्र आवरावा. संगणक साधारण १५-१६ सार्थ अंकच धरून ठेवतो. एच त्याहून बारीक झाला की १+एच आणि १ त्याला सारखेच वाटतात, दोन्ही बिंदू एकच होतात आणि चढ मिळेनासा होतो. ०.००१ पर्यंत गेलात तरी पुरे.

इंटिग्रेशनसाठी 'लोअरसम' आणि 'अपरसम' या दोन कमांड पुरतात. (टाइप इंग्रजीतच करायच्या, दोन शब्दांत जागा न सोडता.) कंसात क्रमाने फलन, खालची मर्यादा, वरची मर्यादा, पट्ट्यांची संख्या (एन). एक्सचा वर्ग, ० ते १, एन = १० दिलं की खालची बेरीज ०.२८५ आणि वरची ०.३८५. एन = १०० ला ०.३२८३५ आणि ०.३३८३५. दोन्हींतला फरक नेहमी बरोबर १/एन: प्रत्येक पट्टीवर दोन आयतांच्या मधला जो तुकडा उरतो, ते सगळे एकावर एक रचले की १/एन रुंद आणि १ उंच असा एकच आयत होतो. हे फळ्यावर काढून दाखवायला दहा मिनिटं लागतात, इथे डोळ्यांसमोर घडतं.

पण आधी सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळं २ वरून ५ करा. न केल्यास एन = १००० ला दोन्ही बेरजा ०.३३ दिसतात आणि मुलं समजतात की त्या समान झाल्या. खरं तर अजून ०.००१ चं अंतर आहे, आणि ते कधीच शून्य होत नाही यातच सगळी गंमत आहे. एनचा स्लायडर १ ते २००, पायरी १ असा ठेवा. त्यापुढे स्वस्त फोन अडखळतात.

क्षेत्रफळाच्या प्रकरणात आणखी एक खड्डा आहे. 'इंटिग्रल' कमांड अक्षाखालचा भाग उणे धरते. एक्सचा घन −१ ते १ दिला की उत्तर ०, आणि पडद्यावर तर दोन्ही बाजूंना रंग भरलेला! प्रश्नात क्षेत्रफळ विचारलं असेल तर फलनाचं निरपेक्ष मूल्य घेऊन तीच कमांड द्यावी, मग ०.५ मिळतं.

आता फसवा भाग. (एक्सचा वर्ग − १) भागिले (एक्स − १) हा प्रत्येक सातत्याच्या धड्यात हमखास येणारा नमुना टाकून बघा. पडद्यावर सरळ अखंड रेघ येते. एक्स = १ ला भोक असायला हवं, ते दिसत नाही. कारण आलेख म्हणजे ठरावीक बिंदू काढून जोडलेली रेघ. एका बिंदूचं भोक पिक्सेलपेक्षा लहान असतं, कितीही झूम केलं तरी. एफ(१) टाइप केलं की मात्र प्रश्नचिन्ह येतं, म्हणजे यंत्राला माहीत आहे, चित्राला नाही. उपाय हाताचा आहे: (१, २) हा बिंदू काढा आणि त्याच्या शैलीत पोकळ वर्तुळ निवडा. साइन(१/एक्स) शून्याजवळ जो गिचमिड गोंधळ दाखवतो, त्याचंही कारण हेच.

लॉगबद्दल सावध. बोर्डाच्या पुस्तकात लॉग एक्स म्हणजे पाया ई, डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या दुसऱ्या साधनात लॉग म्हणजे पाया १०, वुल्फ्रम अल्फा या गणितं सोडवणाऱ्या साइटवर पुन्हा ई. कुठलंही साधन वापरा, 'एलएन' टाइप करा, वाद मिटला. तसंच साइन ३० लिहिलं की −०.९९ येतं, कारण ३० रेडियन धरले जातात. अंशाचं चिन्ह द्यायला हवं. आणि दोन अक्षरी गुणाकारात, म्हणजे ए गुणिले एक्स लिहिताना, मध्ये जागा किंवा फुली ठेवलेली बरी.

कॅस विभागात (इथे आकड्यांऐवजी सूत्रात उत्तर मिळतं) अनिश्चित इंटिग्रल काढता येतात, पण उत्तर पुस्तकाशी जुळेलच असं नाही. साइन एक्स गुणिले कॉस एक्स याचं उत्तर कुठे साइन वर्गाचं निम्मं, कुठे उणे कॉस २एक्स भागिले ४. दोन्ही बरोबर. दोघांची वजाबाकी करून आलेख काढा: ०.२५ उंचीवर आडवी रेघ येते, म्हणजे फरक फक्त स्थिरांकाचा. ही पडताळणी प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवण्यासारखी आहे. 'माझं उत्तर चुकलं' म्हणून बरोबर गणित खोडणारे कमी नसतात.

डेस्मॉस टाइप करायला अधिक चटपटीत आहे, पडदाही मोकळा वाटतो. पण ते डेरिव्हेटिव्हचा आलेख काढतं, सूत्र देत नाही. नुसते आलेख बघायचे असतील तर ते घ्या. पायऱ्या हव्या असतील तर वुल्फ्रम अल्फा देतं, पण पूर्ण पायऱ्यांसाठी पैसे भरावे लागतात, आणि त्या पायऱ्या आपल्या पुस्तकातल्या पद्धतीने असतीलच असं नाही.

डिफरन्शियल इक्वेशनसाठी 'स्लोपफील्ड' ही जागोजागी चढाच्या छोट्या रेघा काढणारी कमांड बोर्डाला लागत नाही, तरी −एक्स/वाय टाकून एकदा दाखवाच. छोट्या रेघा आपोआप वर्तुळात लागतात आणि उत्तरातला स्थिरांक म्हणजे कुठलं वर्तुळ, हे सांगावं लागत नाही.

जिओजेब्राच्या साइटवर तयार वर्कशीट ढिगाने आहेत. कुणीही टाकू शकतं, म्हणून दर्जाची हमी नाही; वर्गात लावण्याआधी स्लायडर दोन्ही टोकांना नेऊन बघा, बरीचशी तिथेच मोडतात. आणि फुकट म्हणजे अव्यावसायिक वापरापुरतं फुकट. फी घेणाऱ्या क्लासने परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात.