ओळखीच्या नंबरावरून आलेलं चलान

"अनोळखी नंबरावरून आलेली लिंक उघडू नका" हा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला टाकणारा माणूस म्हणजे मी. सेक्रेटरी ना! फाइल आली ती मात्र माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या नंबरावरून.

शनिवारी रात्री साडेनऊला. 'वाहतूक चलान, दंड ५०० रुपये, तपशिलासाठी फाइल उघडा.' फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. माझी स्कूटर भावाकडूनच घेतलेली, आरसीवर अजून त्याचंच नाव. शिवाय त्याच आठवड्यात मी द्वारका चौकातून बिनहेल्मेटचा गेलो होतो. मनातच चोर, मग बाहेरच्याला काय ओळखणार?

फोनने अडवलं होतं. 'ही फाइल धोकादायक असू शकते' असं दोनदा आलं. मीच सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. पडताळणीसाठी १ रुपया भरा म्हणून डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मागितले, तेही भरले. पान नुसतं फिरत राहिलं. थोड्या वेळाने ॲपचं चिन्हच दिसेना. नीट बसलं नसेल, असं म्हणून झोपलो.

एपीके म्हणजे फोटो नव्हे, पीडीएफ नव्हे, अख्खं ॲप. मेसेज वाचायची परवानगी मिळाली की तुमचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो, तुम्हाला फोन करून विचारायची त्याला गरजच उरत नाही. "मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही," असं मी नंतर बँकेत तीनदा म्हणालो. खरंच होतं ते, पण काय उपयोग!

सकाळी खात्यातून ४८,००० गेलेले, २४,०००च्या दोन हप्त्यांत. कार्ड बंद केलं आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, १९३०, लावला. तिसऱ्यांदा लागला. बँक, खाते क्रमांक, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारला. तो शेवटचा शोधण्यात माझा अर्धा तास गेला. फोन लावतानाच बँकेचं स्टेटमेंट समोर उघडून ठेवा. पैसे ज्या खात्यात गेले, तिथे १९,००० अडवता आले, बाकीचे काढले गेले होते. अडवलेलेही अजून हातात नाहीत.

बँकेतल्या बाईंनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेलं असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. "परवानगी तुम्हीच दिलीत ना, काका?" त्या हळूच म्हणाल्या.

पण हे माझे पैसे. खरी लाज वेगळीच आहे. ओटीपी चोराकडे जात असल्याने माझं व्हॉट्सॲपही रात्रीच त्याच्या फोनवर सुरू झालं होतं, आणि तीच फाइल माझ्या नावाने सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांना, शाळेच्या मित्रांना गेली. भावाचंही आदल्या दिवशी असंच झालेलं. कमीपणा वाटला म्हणून तो गप्प बसला. त्याच्यावर मी चिडलो खरा, पण मीही दहा वाजेपर्यंत स्वतःच्याच पैशांमागे धावत होतो. शेजाऱ्यांच्या बेल वाजवायला दोन मिनिटं लागली असती.

तोवर चौघांनी फाइल उघडली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे ६,२०० गेले. त्या म्हणाल्या, "सेक्रेटरींनी पाठवलंय म्हणजे सोसायटीचंच काहीतरी असेल, असं वाटलं हो."

मुलाने फोन फ्लाइट मोडवर टाकून पूर्ण पुसला आणि व्हॉट्सॲप परत घेतलं. चोर बाहेर पडला, पण त्याने स्वतःचा पिन लावून ठेवलेला, त्यामुळे सात दिवस मलाही आत जाता येईना. हा दोन टप्प्यांचा पिन आपणच आधी लावून ठेवायचा असतो. मला तो माहीत होता. आळस, दुसरं काय.

ग्रुप बंद, म्हणून खाली लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलं: माझ्या नंबरावरून आलेलं काहीही उघडू नका. लिहून वळलो, तर मागे काकू पिशवी घेऊन उभ्या. त्यांनी चष्मा वर सरकवून सगळं वाचलं आणि विचारलं, "हे तरी तुम्हीच लिहिलंय ना?"