माळ्यावरचं उदमांजर आणि ३२०० डॉलरचा चुना

टोरांटो-मिसिसागा भागात स्वतःचं घर असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय, कारण एप्रिल-मे आला की माळ्यावर प्राणी शिरायचे प्रकार सुरू होतात आणि आपण घाबरून जो पहिला माणूस दारात येईल त्याला पैसे देऊन मोकळे होतो. मी पण तेच केलं.

गेल्या वर्षी आई सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा कॅनडाचा लांब मुदतीचा व्हिसा) आली होती, वरच्या बेडरूममध्ये झोपायची. एप्रिल संपता संपता एक दिवस सकाळी चहा घेताना म्हणाली, "अरे, तुमच्या माळ्यावर रात्री कोण चालतं?" मी म्हटलं लाकडाचं घर आहे, वाजतं असंच. आई चिपळूणची, तिला काही पटेना. म्हणे उंदीर खुडबुडतो, हे पावलं टाकत चाललंय, आमच्याकडे उदमांजर शिरलं की अस्संच वाजायचं. प्राणी तेवढा चुकला, बाकी निदान बरोबर. रॅकून होता (डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला इकडचा प्राणी). म्हणजे होती, ते पुढे येईलच.

रात्री ११ ला फोनवर शोधलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात दिसली तिथे फोन लावला. पैसे भरले की जाहिरात वर येते, हे आयटीत १५ वर्षं काढून पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. १९९ डॉलर सांगितले. दुसऱ्या दिवशी माणूस आला, पांढरी व्हॅन, त्यावर नाव ना गाव. क्लोजेटमधल्या हॅचमधून माळ्यावर गेला, ५ मिनिटांत खाली, आणि फोनवर फोटो दाखवले. विष्ठेचे ढीग, फाटलेलं इन्सुलेशन, बघूनच अंगावर काटा. मग सुरू झाला, वर ४ मोठे रॅकून आहेत, जवळच्या हॅमिल्टन शहरात रेबीज सापडलाय, विष्ठेत जंत असतात ते मेंदूपर्यंत जातात, घरात म्हातारं माणूस आहे वगैरे. यातलं रेबीजचं खरं आहे, २०१५ ला हॅमिल्टनमध्ये रॅकूनमध्ये रेबीज सापडला होता, जंतांचं पण खरं आहे. एक खरं सांगायचं आणि त्याच्या पाठीवर चार खोटी बसवायची, अशी ती पद्धत.

१९९ फक्त येण्याचे निघाले. प्रत्येक रॅकूनचे ४५० म्हणजे १८००, वर साफसफाईचे १४००, एकूण ३२००. कॅश दिली तर एचएसटी (इथला विक्रीकर) नाही, १३ टक्के वाचतील म्हणाला, आणि खोटं कशाला बोलू, तिथे मी विरघळलो. १५०० लगेच इ-ट्रान्सफर केले. कागद काहीच नाही.

छपरावर पिंजरा लावला, आत मांजराचं खाणं. दुसऱ्या दिवशी एक रॅकून सापडला, बाकीचे म्हणे वास घेऊन पळाले (पैसे मात्र चारांचेच). "हिला ४० किलोमीटर लांब जंगलात सोडतो" म्हणाला, मला वाटलं वा, भला माणूस. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात पकडलेला प्राणी १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो हे मला नंतर कळलं. माळ्यावर ब्लीचच्या वासाचं काहीतरी फवारलं, सॉफिटच्या (छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या खालची बाजू) भोकात फोम भरून वर प्लायवूडचा तुकडा ठोकला, उरलेले १७०० कॅश घेऊन गेला.

त्याच रात्री आई आमच्या दारावर. "अरे पिल्लं रडतायत वर." खरंच बारीक चिवचिवल्यासारखा, कुंई कुंई आवाज. त्याला फोन केला तर पिल्लांचं वेगळं काम, ६५० अजून. मी भांडलो, त्याने फोन ठेवला, तो कायमचाच. आणि २ च्या सुमाराला छपरावर धाडधाड सुरू झालं, ती परत आली होती आणि त्याच कोपऱ्यातली शिंगल्स (छपरावरच्या पातळ फरश्या) ओरबाडून काढत होती. म्हणजे ४० किलोमीटर वगैरे सगळी थाप, पठ्ठ्याने पेट्रोल वाचवायला कुठेतरी कोपऱ्यावरच सोडली असणार. त्याच्या या लबाडीमुळेच पिल्लं वाचली.

शेजारच्या पंजाबी अंकलनी दुसरी कंपनी सुचवली. एक मुलगी आली, तोंडाला मास्क, हातात जाड हातमोजे, पाऊण तास वर होती. भिंतीलगतच्या कोपऱ्यात ४ पिल्लं, डोळेपण उघडले नव्हते, म्हणजे ३ आठवड्यांच्या आतली. तिने पहिला प्रश्न विचारला, "वसंतात पिल्लं न शोधता आई पकडली कोणी?" पिल्लं गरम ठेवायच्या खोक्यात घालून छपरावर भोकाजवळ ठेवली, भोकाला एकाच बाजूने उघडणारं दार लावलं, बाहेर पडता येतं, आत येता येत नाही. रात्री आम्ही ड्राइव्हवेतून बघितलं, मानेला धरून एकेक पिल्लू नेलं त्या रॅकूनने, चार फेऱ्या. आईने खिडकीतून हात जोडले.

नंतर भोकावर आणि छपरावरच्या सगळ्या व्हेंटवर (हवेच्या झरोक्यांवर) जाड गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने बसवली, प्लास्टिकची व्हेंट रॅकून हाताने उचकटतो म्हणे. एचएसटी धरून १३५० झाले, लेखी वॉरंटीसकट. फोमचा उपयोग शून्य, आणि प्राणी पळवायला अमोनिया, रेडिओ, अल्ट्रासाउंडची मशीनं यांच्या नादी पण लागू नका. आणि ब्लीचने त्या जंतांची अंडी मरत नाहीत, उकळतं पाणी लागतं, म्हणजे १४०० ची साफसफाईपण गेली.

तक्रार करायला गेलो तर कळलं की घरी येऊन केलेला करार ऑन्टारिओत १० दिवसांत रद्द करता येतो, आणि लेखी अंदाजापेक्षा १० टक्क्यांहून जास्त बिल लावता येत नाही. पण हातात कागद पाहिजे ना. एचएसटी वाचवायच्या नादात मी तोच घेतला नव्हता, आणि त्याच्या वेबसाइटवरचा पत्ता निघाला टपालाचे डबे भाड्याने देणाऱ्या दुकानाचा.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. ती मुलगी खाली आल्यावर माझी हौस म्हणून टॉर्च घेऊन मी वर डोकावलो. आमचं इन्सुलेशन राखाडी आहे, कागदाच्या लगद्यासारखं. त्याने दाखवलेल्या फोटोत गुलाबी होतं. दुसऱ्याच कुणाचा तरी माळा. तो फोटो त्याने मला व्हॉट्सअॅपवर पण पाठवला होता, अजून ठेवलाय, गुलाबी इन्सुलेशन आणि डाव्या कोपऱ्यात निळी बादली. तुम्हाला कोणी हाच फोटो तुमचा माळा म्हणून दाखवला असेल तर मला कळवा.