आठ महिने, एकतीस रोल आणि शेजारचे माग

अण्णांच्या बिस्किटाच्या डब्यातले जुन्या रंगीत निगेटिव्हचे ४० रोल, एकेका फ्रेमचा कॅमेऱ्यानं फोटो काढून संगणकावर आणतोय. त्यातले ३१ झाले. सगळे संपेपर्यंत लिहायचा उत्साह टिकणार नाही, म्हणून आताच लिहितो.

सामान: सेकंडहँड निकॉन डी५३००, अगदी जवळून फोटो काढणारी ४० एमएमची मायक्रो लेन्स, ९५च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी पॅनेल, फिल्मची पट्टी सपाट धरणारा होल्डर. कॅमेरा स्टँडला खाली तोंड करून. एफ/८, आयएसओ १००, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा फिल्मला समांतर आहे का ते होल्डरच्या जागी आरसा ठेवून बघायचं. लेन्सला स्वतःचंच तोंड बरोबर मध्यभागी दिसलं की झालं.

तरी पहिले तीन रोल वाया गेले. फोटो दिसत होते, पण मोठे करून बघितले की ग्रेनचा, म्हणजे फिल्मच्या बारीक कणांचा, पत्ता नाही, नुसता लगदा. लेन्सला शिव्या घातल्या. मग एका संध्याकाळी लाइट गेली. पॅनेल बॅटरीवर चालू होता आणि तीच फ्रेम एकदम खणखणीत आली! आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट आमच्या कानांना कधीचाच ऐकू येईनासा झालाय, टेबलाला मात्र येतो आणि त्या हादऱ्यानं फोटो हलतो; लाइट गेली तेव्हा माग थांबले होते. आता सगळा संसार माडीवरून खालच्या फरशीवर आणलाय, पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवून शटर १/१५ वरून १/१२५ वर नेलंय, आणि जमलं तर मागांच्या सुट्टीचा दिवस धरतो.

खरी डोकेदुखी रंगांची. निगेटिव्ह नुसती उलटी केली की सगळं निळंशार. फिल्मचा तो नारिंगी रंग म्हणजे डाग नव्हे. आतली रंगद्रव्यं नको तो प्रकाशही थोडा शोषतात, त्याची भरपाई म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. मी डार्कटेबल या फोटोच्या सॉफ्टवेअरमधलं, निगेटिव्ह सुलटी करणारं निगाडॉक्टर वापरतो, फुकट आहे. आधी दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवरून तो नारिंगी रंग उचलायचा, आणि दर रोलला नव्यानं, कारण प्रत्येक फिल्मची छटा वेगळी. पांढरं कशाला धरायचं, हा पुढचा प्रश्न. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, रोलमध्ये तो पडतच नाही. यात्रेतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, पेलणाऱ्यांची पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) निगेटिव्हमध्ये काळीकुट्ट दिसते. हायलाइटचा पिकर (सगळ्यात उजळ भागाचा रंग उचलणारं साधन) तिच्यावर ठेवला की बाकीचे रंग जागेवर येतात. तीच सेटिंग त्याच उन्हातल्या सगळ्या फ्रेमना. आई म्हणाली, "अल्बममध्ये तर ही पिवळी होती की रे!"

धुळीचं मात्र विचारू नका. चांगले फिल्म स्कॅनर इन्फ्रारेडनं धूळ ओळखून पुसतात, इथे प्रत्येक ठिपका हातानं. मे महिन्यात पंखा बंद ठेवून बसलो तर कपाळाचा घाम थेट पट्टीवर. ऑनलाइन मागवलेला पहिला होल्डर तर फेकूनच दिला, त्याच्या कडेनं दोन पट्ट्यांवर लांबलचक रेघा ओढल्या.

दोन-चारच रोल असतील तर स्टुडिओत देऊन मोकळे व्हा, एवढा खटाटोप परवडत नाही. माझे नऊ उरलेत. त्यातला एक प्लास्टिकच्या पिशवीला चिकटून बसलाय, त्याला अजून हात लावलेला नाही.