आठ महिने टपालाने पुस्तकं पाठवल्यावर

जुन्या पुस्तकांची अदलाबदल करायची हौस लागली आणि गेले आठ महिने आठवड्याला एखादं तरी पुडकं टपालाने जातंय किंवा येतंय. परीक्षण टपालसेवेचं लिहायला बसलो होतो, पण लिहिताना माणसंच जास्त आठवतायत.

पहिल्याच महिन्यात मी तावातावाने खिडकीवर गेलो होतो. परदेशी पाठवलेल्या पाकिटाचा क्रमांक टाकला की 'नोंद सापडत नाही'. खिडकीवरच्या बाईंनी पावती मागितली, माझ्या वहीतल्या आकड्यांशी ताडली आणि शांतपणे म्हणाल्या, "एकचा सात केलाय तुम्ही." पाकिटाच्या क्रमांकातल्या तेरा चिन्हांत आधी दोन अक्षरं, मग आठ अंक, मग पडताळणीचा एक अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असतात. पडताळणीचा अंक आधीच्या आठांवरून हिशोबाने काढतात. एक आकडा चुकला की बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही. पाकीट केव्हाच पोचलं होतं, आणि माझा ताव तिथेच उतरला.

खरी उणीव म्हणजे ट्रॅकिंगचं मौन. दोन नोंदींच्या मधे चार-चार दिवस काहीच कळत नाही. पार्सलचे कोपरेही चेपतात, पण त्यात माझी सैल बांधणी किती आणि हाताळणी किती, हे सांगता येणार नाही.

आमच्या पोस्टमनची किंमत मला ते रजेवर गेल्यावर कळली. बदली माणूस कष्टाळू होता, तरी आठवडाभर पत्रं शेजारच्या पेटीत पडत राहिली. बटवड्याला निघण्याआधी सगळं टपाल चालायच्या वाटेच्या क्रमाने लावावं लागतं. कुठलं दार मागच्या बाजूला आहे, कोण घर बदलून गेलंय, एकाच आडनावाची दोन घरं कुठे आहेत, यातलं काहीच पाकिटावर लिहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं त्याच वाटेने चालून ते डोक्यात बसतं. (मी स्वतः घर क्रमांक लिहायला विसरलेलं एक पत्र मित्राला बिनबोभाट मिळालं होतं, तेही असंच.)

परदेशातही माझं पाकीट असाच कुणी अनोळखी माणूस दारापर्यंत नेतो. 1874 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये 22 देशांनी टपालाचा एकच करार केला, त्याआधी देशादेशांचे वेगवेगळे करार आणि वेगवेगळे दर सांभाळावे लागत. आता मी इथलं तिकीट लावतो, ते तिकडे चालतं.

पोस्टमन रजेवरून परतले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "शेजारच्या पेटीतली पत्रं मिळाली ना सगळी?"

एक राहिलं होतं. ते त्यांनीच आणून दिलं.