ऑ-पेअरच्या नावाखाली माझे 2,05,500 रुपये गेले

पुण्यातल्या एका एजंटला भरलेल्या रकमा आधी लिहिते. नोंदणी 35,000, 'फॅमिली प्लेसमेंट' 72,000, 'ब्लॉक्ड अकाउंट' 98,500. एकूण 2,05,500. त्यातले लाखभर आईने एफडी मोडून दिलेले.

जर्मनची बी1 (मधल्या पातळीची परीक्षा) मी पास आहे. लिहिता-वाचता येतं, बोलायची वेळ आली की अडखळते. साताऱ्यात जर्मन बोलणार कुणाशी? म्हणून ऑ-पेअर: जर्मन कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, बोलणं आपोआप सुधारतं. योजना खोटी नाही. रीतसर व्हिसा मिळतो, जास्तीत जास्त वर्षभराचा. आठवड्याला 30 तासांपर्यंत काम, महिन्याला 280 युरो हातखर्च, भाषेच्या क्लाससाठी वर 70 युरो, राहणं-जेवण-विमा कुटुंबाकडे. पुण्याच्या त्या एजंटने हे सगळं बरोबर सांगितलं. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर 2024 च्या कराराची बातमी फ्रेम करून लावलेली, महाराष्ट्रातून कुशल कामगार जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात पाठवण्याचा करार. त्या कराराचा आणि ऑ-पेअरचा काडीचाही संबंध नाही. पण सरकारच माणसं जर्मनीला पाठवायला निघालंय म्हटल्यावर कोण शंका घेईल?

शंका घ्यायची जागा होती तिसरा हप्ता. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, विद्यार्थ्यांना लागतं, ऑ-पेअरला नाही, आणि ते उघडतं स्वतःच्या नावावर. मला हे माहीत होतं हो! मैत्रीण एमएसला गेली तेव्हा तिचा फॉर्म मीच भरून दिला होता. इथे एनईएफटी करताना नाव आलं कुठल्याशा ट्रॅव्हल्सचं. मी लगेच फोन केला. "मॅडम, ते आमचंच खातं. आज भरलं नाही तर फॅमिली दुसरी मुलगी घेईल." पाठवले. आधीचे 1,07,000 अडकलेले असताना तुम्ही काय केलं असतं, ते मला ऐकवू नका.

मग 'फॅमिली सुट्टीवर आहे', 'अपॉइंटमेंट मिळत नाही', 'पुढच्या आठवड्यात नक्की'. या व्हिसाचा अर्ज करताना वय 27 च्या आत लागतं. माझा सत्ताविसावा वाढदिवस त्या 'पुढच्या आठवड्यात' निघून गेला, आणि माझा पासपोर्ट त्या माणसाच्या टेबलावर होता. पैशांपेक्षा याचा संताप जास्त आहे. आता खरी वाटही बंद.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? "पैसे तुम्हीच दिले ना? मग हा दिवाणी मामला." वर, "मुलं सांभाळायला जर्मनी कशाला?" ऑफिस पुण्यात, तिकडे जा. पुण्यात म्हणे, पैसे साताऱ्यातून गेले, तिकडे द्या. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 हेच सांगतं. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेने हात वर केले. परदेशी नोकरीच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने सांगितलं, ऑ-पेअर ही नोकरीच नव्हे. नोकरी नाही, गुन्हा नाही, मग माझे पैसे काय हवेत विरले?

जर्मनीतल्या एजन्सीला ऑ-पेअरकडून 150 युरोंहून जास्त घेता येत नाहीत, तिथला कायदाच आहे. कुटुंबाशी व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय दमडी देऊ नका. माझी 'फॅमिली' फक्त फोटोत होती. पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, एजंटच्या विनवण्या करत बसू नका.

त्या ऑफिसवर आता नवी पाटी आहे, जपानची. तिथे पैसे भरलेलं कुणी असेल तर चॅट आणि पावत्या पुसू नका, मला कळवा. सगळ्यांच्या रकमा मिळून आर्थिक गुन्हे शाखेकडे एकच तक्रार देऊ.