परभणीच्या उन्हात अ‍ॅल्युमिनियमचं कुंपण : लाखाच्या वर खर्च आणि चार रुपयांच्या टोप्या

कुंपणाच्या पाइपाच्या तोंडावरची चार रुपयांची प्लास्टिकची टोपी बसवायला दुकानदार मागतोय पाचशे रुपये व्हिजिट चार्ज! हे ऐकलं, फोन ठेवला आणि म्हटलं, आता सविस्तर लिहूनच काढावं.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर घराला अ‍ॅल्युमिनियमचं कुंपण बसवलं, आता पोळाही झाला. म्हणजे थंडी, ऊन, पाऊस सगळं त्यानं खाऊन झालंय. समोर तीस फूट, तेही तीन फुटी भिंतीच्या वर तीन फूट. मागे वीस फूट, तिथं भिंत नाही, म्हणून जमिनीपासून पाच फूट. उभे पाइप 50 बाय 25 मिलिमीटरचे, वर पावडर कोटिंग (म्हणजे भुकटी उडवून भट्टीत भाजलेला रंग), कॉफी रंग. आधीची लोखंडी जाळी बोअरच्या खारट पाण्यानं बुडातून खाल्ली होती. दर दोन-तीन वर्षांनी घासा, गंज रोखायला रेड ऑक्साइड लावा, ऑइल पेंट मारा आणि पेंटरच्या मागे फिरा, याला मी कंटाळले होते.

आमचे भाऊजी जालन्याला असतात. ते म्हणाले, "वहिनी, शेजारी जालन्यात एवढ्या लोखंडाच्या मिली, अन् तुम्ही अ‍ॅल्युमिनियम काहून बसवायलाव?" पैशाच्या हिशेबानं भाऊजींचं खरं आहे, ते आधीच सांगते.

दर ठरला 430 रुपये चौरस फूट. एकशे नव्वद फुटांचे झाले 81,700. बिल हातात आल्यावर "मॅडम, जीएसटी वेगळा", 18 टक्क्यांनी 14,706. मागच्या खांबांचे खड्डे आणि काँक्रीट 6,500, टेम्पो 1,200. एकूण 1,04,106, त्यातले वरचे 106 मी सोडायला लावले. एवढ्याच लोखंडी कामाला रंगासकट 62,000 सांगितले होते. फरक 42,000 चा. लोखंडाला दर खेपेला रंगवायला सात हजार धरले तरी सहा वेळा रंगवल्यावर बरोबरी होते, म्हणजे पंधरा वर्षं. तेव्हा "अ‍ॅल्युमिनियम शेवटी स्वस्तच पडतं" असं दुकानदार म्हणाला, तर मान हलवा आणि पुढचा प्रश्न विचारा.

पुढचा प्रश्न जाडीचा. चौरस फुटाच्या दरात पाइपाची जाडी दिसत नाही, आणि पावडर कोटिंगनंतर पातळ-जाड सगळं सारखंच देखणं. दोन दुकानांतून फूटभर लांबीचे नमुने आणले आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. दोघांनीही दीड मिलिमीटर सांगितलं होतं. या मापाचा दीड मिलिमीटरचा फूटभर पाइप पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. एक भरला 178, दुसरा 143. दुसरा म्हणजे सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. किराणावाले काका म्हणाले, "ताई, डाळ तरी एवढी मोजून घेत जा!" मग त्या 178 ग्रॅमवाल्यालाच काम दिलं आणि पाइपाबद्दल आजही तक्रार नाही.

तक्रार टोप्यांची आहे. उभ्या पाइपांची वरची तोंडं काळ्या प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद केलेली असतात. आमच्याकडे सव्वाशेच्या आसपास आहेत. एप्रिलपर्यंत ठीक होतं. मे महिन्यात पारा 43 वर गेला, तशा पश्चिमेकडच्या टोप्यांचा काळा रंग राखाडी झाला, कडा उचलल्या, आणि बोट लावलं की करकरीत पापडासारखा तुकडा हातात. लाखाच्या कामात पाचशे रुपयांच्या टोप्या, आणि माल हलका लावायला नेमक्या त्याच सापडल्या! तोंड उघडं पडलं की वारा सुटल्यावर पाइप शीळ घालतो. पावसाचं पाणी आत जातं. आणि दोन पाइपांत गांधीलमाश्यांनी घर केलं. कपडे वाळत घालायची दोरी तिथंच, एक चावा सासूबाईंना बसला. दुकानदाराचं उत्तर, "वॉरंटी कोटिंगची आहे, अ‍ॅक्सेसरीची नाही." वर तो व्हिजिट चार्ज. मी म्हटलं, "दादा, टोप्या द्या, बसवते मी." तर म्हणे सुट्या विकत नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून जाड नायलॉनच्या आणल्या, आतून सिलिकॉनचं बोट फिरवलं आणि ठोकल्या. त्या अजून काळ्याच्या काळ्या आहेत.

शीळ बंद झाली तरी "टक्, टक्" आवाज राहिलाच. सकाळी ऊन चढताना आणि संध्याकाळी उतरताना. इतके दिवस त्याचंही खापर मी टोप्यांवरच फोडत होते. पण समोरची एक आडवी पट्टी दुपारी बाहेर फुगलेली दिसली. कुंपण जोडणाऱ्या कामगार पोरानं (दुकानदारानं नाही, त्यानं) कारण सांगितलं: अ‍ॅल्युमिनियम उष्णतेनं लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. दहा फुटी पट्टी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या तापेपर्यंत पन्नास अंशांनी तापली, तर साडेतीन मिलिमीटरनं लांब होते. दोन्ही टोकांना जागा सोडावी लागते. दोन खांबांमधल्या त्या एका गाळ्यात पट्टी दोन्हीकडून घट्ट ठोकली होती. पोरानं एका टोकाचं भोक लांबट केलं, फुगा गेला. आवाज थोडा येतो, पण त्याचं आता काही वाटत नाही.

मागची बाजू काळ्या मातीत आहे. दुकानदार दीड फूट खड्ड्यावर भागवत होता. सासरे अडून बसले, मुरूम लागेपर्यंत खाली जा. म्हणून ते साडेसहा हजार. उन्हाळ्यात तिथं हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, पावसात माती फुगली, खांब मात्र ओळंब्यात, सरळ उभे आहेत. खांबाचा काँक्रीटमध्ये जाणारा भाग डांबरी रंगानं रंगवून घ्या, ओल्या सिमेंटचा क्षार अ‍ॅल्युमिनियमला खातो. स्क्रू स्टेनलेसचेच मागा. आमच्याकडे चार साधे निघाले आणि पावसानंतर त्यांच्याखाली तांबडे ओघळ आले. बघणाऱ्याला वाटतं कुंपणच गंजलं.

बाकी पाइपांवर गंजाचा ठिपका नाही. बोअरचं पाणी उडालं की पांढरे डाग पडतात, गडद रंगावर जास्तच दिसतात. ओल्या फडक्यानं त्याच दिवशी पुसले तर निघतात.

मोठं गेट मात्र लोखंडाचंच ठेवलं. रोज उघडझाप, त्यात आमचे हे गाडी आत घेताना एकदा तरी टेकवणारच. लोखंडी गेटाचं बिजागर निखळलं तर गल्लीतला वेल्डर दोनशे रुपयांत डाग मारून जातो. अ‍ॅल्युमिनियमला साधा रॉड चालत नाही, आर्गॉन वायूचं वेल्डिंग लागतं, आणि ते करणारा आमच्या गल्लीत नाही. गेटाला यंदाही रेड ऑक्साइड लावायचंय, पेंटरला सांगून ठेवलंय, दसऱ्याआधी येतो म्हणालाय.