जर्मन सोडून पोर्तुगीज का? चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

मी पोर्तुगीज शिकायला घेतली तेव्हा घरीदारी एकच प्रश्न होता, "त्याला स्कोप काय?" प्रश्न चुकीचा नव्हता. पुण्यात राहून परदेशी भाषा शिकायची म्हटलं की लोक जर्मन किंवा जपानी घेतात, फार तर फ्रेंच. मीही आधी तेच केलं होतं. नोकरीत उपयोग होईल म्हणून जर्मनच्या दोन पायऱ्या, ए१ आणि ए२, चांगल्या मार्कांनी पार केल्या. आज त्यातलं स्वतःची ओळख करून देण्यापुरतं उरलंय. शिकवणाऱ्या बाई फार चांगल्या होत्या, पुस्तकंही उत्तम. पण क्लास सुटला की पुढच्या क्लासपर्यंत ती भाषा मला कुठेच लागत नव्हती. ऑफिसात सगळं इंग्रजीत, घरी मराठी. सहा महिन्यांत विभक्ती प्रत्यय गेले, वर्षभरात शब्द गेले. दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून या वेळी मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारला. या भाषेतलं काय वाचायला मी दर आठवड्याला बसेन?

उत्तर आमच्या घरातच होतं. आमचं मूळ गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात, म्हणजे नव्या काबिजादीत, पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात. पोर्तुगीजांनी हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतला आणि १९६१च्या डिसेंबरपर्यंत तो त्यांच्याकडे होता. साहजिकच आमच्या भाटाचे (म्हणजे बागायतीचे), घराचे, वाटणीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये. काकांचं शिक्षण मराठी शाळेत झालं, त्यांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही. पत्र्याच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला तो गठ्ठा मी लहानपणापासून बघत आले. वकिलाला लागतील तेवढे दोन कागद इंग्रजीत करून घ्यायचे, बाकीचे परत फडक्यात, असं तीस वर्षं चाललं होतं.

मग सुरुवात केली. ऑनलाइन शिकवणी आठवड्यातून दोनदा, बाकी स्वतःचा अभ्यास. रोज साधारण चाळीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. चौदा महिन्यांत दोनशे तास झाले असतील.

पहिल्या महिन्यात जो आनंद मिळाला तो जर्मनने कधी दिला नव्हता. धड्यात 'शाव' आला, म्हणजे चावी. 'पागार' म्हणजे पैसे देणं, आपला पगार. 'पांव' म्हणजे पाव. मी वहीत मागच्या पानावर यादी करायला लागले: बटाटा, कोबी, काजू, अननस, परात, पिंप, घमेलं, फीत, बिजागरी, लिलाव, तुरुंग, काडतूस, नाताळ. आपल्या स्वयंपाकघरात आणि गवंड्याच्या हातात ही भाषा साडेचारशे वर्षं आहे. नवा शब्द पाठ करायचा म्हणजे नव्या माणसाशी ओळख करायची असं वाटण्याऐवजी, रोज दिसणाऱ्या शेजाऱ्याचं आडनाव कळल्यासारखं वाटायचं.

व्याकरणातही मराठी माणसाला आधार मिळतो. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादू' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगादा'. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात. 'मी जातो' आणि 'मी जाते' यात वाढलेल्या माणसाला बोलणाऱ्याचं लिंग शब्दात उतरणं नवं नाही. लिंगंही दोनच आहेत, जर्मनसारखी तीन नाहीत. मराठीत तीन असूनही जर्मनची तीन मला कधी बसली नाहीत, कारण कुठली वस्तू कुठल्या लिंगाची याचा दोन्ही भाषांत काही मेळ नाही. क्रियापदांची रूपं मात्र भरपूर आहेत. भूतकाळाच्या दोन प्रकारांत अजूनही माझी चूक होते.

आता कागदांबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच झाली.

सातव्या महिन्यात मी गावी गेले आणि ट्रंक उघडली. टाइप केलेला एक कागद निवडला, भाटाच्या चतुःसीमेचा. अर्धा तास शब्दकोश घेऊन बसले. एका ओळीत 'नासेंत' हा शब्द आला. शब्दकोशात पहिलाच अर्थ दिसला, झरा. मी उत्साहाने काकांना सांगितलं, आपल्या भाटाला लागून झर आहे, कागदात लिहिलंय. काका माझ्याकडे बघत राहिले. "आमच्या भाटांत झर खंय गो बाय?" त्यांनी उभ्या आयुष्यात तिथे झर पाहिली नव्हती. मग दोघांच्याही मनात नको ती शंका आली, हा कागद आपल्या भाटाचा नाहीच की काय.

रात्री पुन्हा वाचला. 'नॉर्त' उत्तर, 'सूल' दक्षिण, 'पुएंत' म्हणजे बुडणारा, मावळणारा. तीन दिशा होत्या आणि पूर्व कुठेच नव्हती. तेव्हा उजेड पडला. 'नासेंत' म्हणजे जिथून काही उगम पावतं ते. पाणी उगम पावतं तो झरा, सूर्य उगवतो ती पूर्व. आमच्याकडे कोकणात जुनी माणसं जमिनीची हद्द सांगताना उगवतीला अमक्याची जमीन, मावळतीला तमक्याची असंच सांगतात. तोच हिशेब! सकाळी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी काठी घेतली आणि मला भाटात नेलं. उगवतीला कागदात ज्यांचं नाव होतं त्यांच्या नातवाचं कुंपण आजही तिथेच आहे.

त्याच गठ्ठ्यातल्या वाटणीच्या कागदात माझ्या पणजीच्या नावापुढे 'विउवा' असा शब्द होता. याला शब्दकोश लागला नाही. लॅटिनमधून आलेला हा शब्द आणि संस्कृतातला 'विधवा' हे एकाच मुळाचे. वाटणीत तिच्या वाट्याला काय आलं ते पुढे तीन ओळींत आहे. आमच्या घरात तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. हे वाचल्यावर मी बराच वेळ तो कागद हातातून खाली ठेवला नाही.

गोव्यातल्या जमिनीच्या व्यवहारात आल्वारा (सरकारने दिलेल्या जमिनीची सनद), आफ्रामेंत (कायमचा भाडेपट्टा), कोमुनिदाद (गावकी), इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम) हे शब्द आजही सर्रास बोलले जातात. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा तिथल्या वारसाहक्कात अजून जिवंत आहे. मी वकील नाही आणि माझं वाचन कोर्टात चालणार नाही, अधिकृत भाषांतर लागतंच. पण वकिलासमोर बसल्यावर कुठला कागद महत्त्वाचा आणि कुठला नुसता पावतीचा, एवढं मला आता कळतं. पूर्वी आम्ही पावतीचंही भाषांतर करून घेतलं होतं.

आता जे जमलं नाही, तेही सांगते.

पहिली अडचण, कुठली पोर्तुगीज? मोबाइलवरच्या बहुतेक लोकप्रिय अ‍ॅपमध्ये ब्राझीलची शिकवतात. मी तीन महिने तीच शिकले आणि मग लिस्बनच्या बातम्या लावल्या तर काही म्हणता काही कळेना. पोर्तुगालमध्ये स्वर गिळतात, शब्दाच्या शेवटचा 'स' बऱ्याचदा 'श' होतो. ब्राझीलमध्ये बऱ्याच ठिकाणी 'बों जीया' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'बों दीया'. आगगाडीला आणि बसलासुद्धा दोन देशांत वेगळे शब्द. गोव्यासाठी शिकत असाल तर पहिल्या दिवसापासून युरोपीय पोर्तुगीजच घ्या आणि शिकवणाऱ्याला आधीच तसं विचारून घ्या. माझे तीन महिने यातच गेले.

दुसरी, जुनं लेखन. पोर्तुगालने १९११मध्ये शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या कागदांत जोडअक्षरं आणि जास्तीची अक्षरं इतकी असतात की ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो. त्यात नोटरीचं हस्ताक्षर! टाइप केलेला कागद मी आज शब्दकोश घेऊन वाचू शकते, हाताने लिहिलेल्या पानातल्या तीन ओळींतली एखादीच लागते.

आणि बोलणं फार कच्चं आहे. पुण्यात जर्मन बोलणारा मित्र सहज मिळेल, पोर्तुगीज बोलणारा मला अजून मिळालेला नाही. पणजी शहरात ही भाषा घरात बोलणारी जुनी कुटुंबं आहेत, पण त्यांच्याशी चार वाक्यांपलीकडे माझी मजल गेली नाही.

इतिहासाची आवड असेल तर मात्र या भाषेसारखी दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजांचा मराठ्यांशी झालेला पत्रव्यवहार आहे, आणि इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून तो उजेडात आणला. कॉस्मे द ग्वार्दा याने लिहिलेलं शिवाजी महाराजांचं चरित्र १७३०मध्ये लिस्बनला छापलं गेलं. त्याची दोन पानं मी वाचून पाहिली. त्या काळच्या छपाईत 'एस' अक्षर 'एफ'सारखं दिसतं, त्यामुळे पहिल्या परिच्छेदाला एक संध्याकाळ गेली. तरी महाराजांचं नाव त्या अक्षरांत पहिल्यांदा स्वतः वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

मे महिन्यात कोर्लईला गेले होते, अलिबागच्या खाली, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे. चौलचा हा मुलूख १७४०मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेला, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत त्या भाषेपासून झालेली बोली आजही घरात बोलतात. शब्द पोर्तुगीजमधून आलेले आणि वाक्याची घडण आपली, क्रियापद शेवटी. अंगणात मासे साफ करत बसलेल्या दोन बायांचं बोलणं मी ऐकत उभी राहिले. सगळं कळलं नाही. पण जेवढं कळलं ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा सोपं वाटलं, कारण वाक्य मराठीच्या वाटेने चालत होतं. मी माझ्या तोडक्यामोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारलं, त्यांनी मराठीत उत्तर दिलं आणि मला बसायला पाट दिला.

कुणी घ्यावी? परदेशी नोकरी हाच हेतू असेल तर पुण्या-मुंबईतल्या माणसाने जर्मन किंवा जपानीच घ्यावी, तिथे संधी उघड जास्त आहेत. कामाचा संबंध ब्राझील, अंगोला, मोझांबिकशी येत असेल तर गोष्ट वेगळी. गोव्यात, वसईत, चौलकडे मुळं असतील, घरात न वाचलेले कागद असतील, तर जरूर घ्या. इंग्रजी येणाऱ्याला ही युरोपातल्या सोप्या भाषांपैकी एक आहे, वर्षभरात छापील मजकूर वाचता यायला लागतो.

मी आता 'सीप्ले' ही ए२ची परीक्षा द्यायची म्हणतेय, पण त्याआधी जुनी हस्ताक्षरं वाचायला शिकायचंय. काकांनी गणपतीला येताना दुसरा गठ्ठाही काढून ठेवतो म्हणून सांगितलंय, त्यात पणजोबांच्या हातची पत्रं आहेत.